कोपरा फाटलेली पाकिटं

याकूबभाई, तुम्हाला मनामाच्या कबरस्तानात ठेवून आलो त्याला आज नऊ दिवस झाले. आणि काल दुपारी झिंजच्या तुमच्या फ्लॅटमध्ये, तुमच्याच स्वयंपाकघरात उभा राहून मी मोठ्याने हसलो. भाभी खोक्यात भांडी भरत होत्या. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ओढणी तोंडाला लावली आणि मग त्याही हसल्या. मयताच्या घरात असं हसू नये, एवढं मला कळतं. पण चार वर्षं छातीवर बसलेला माणूस एकदम उठून निघून जावा, तसं मला झालं होतं. हसलो, मग रडलो, मग भाभींनी दिलेलं पाणी प्यायलो.

का हसलो ते तुम्हाला सांगायचं आहे. तुमच्याशी एक भांडणही करायचं आहे. तुम्ही हयात असताना दोन्ही राहून गेलं, म्हणून हे लिहायला बसलो आहे. मध्ये बोलायची तुमची सवय आहे, पण आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार.

इथे बहारीनला, जहाजं दुरुस्त करणाऱ्या आपल्या त्या वर्कशॉपमध्ये मी स्टोअरकीपर म्हणून लागलो तेव्हा तुम्ही हेडक्लार्क होऊन जुने झाला होतात. पहिल्या दिवशी तुम्ही चष्म्याच्या वरून पाहिलंत आणि विचारलंत, "कुठला?" मी म्हटलं, कुडाळचा. "आम्ही रत्नागिरीच्या खाडीपलीकडचे. म्हणजे मासा कळतो तुला. बस." माझा इंटरव्ह्यू तेवढाच झाला. दुपारी तुमच्या डब्यातला बांगडा माझ्या ताटात पडला आणि त्याच जेवणात आपलं पहिलं भांडणही झालं. बांगड्यात तिरफळं घालावीत असं मी, घालू नयेत असं तुम्ही. ते भांडण तेरा वर्षं चाललं आणि निकाल न लागताच बंद पडलं.

पण आपलं खरं भांडण राजकारणावरून. तुमचा एक ट्रान्झिस्टर होता, कातडी पिशवीतला, आणि त्यावर तुम्ही रोज लंडनच्या बातम्या ऐकायचात. आपण दोघंही ना बहारीनचे मतदार, ना विलायतेचे, आणि गावच्या यादीत नाव असलं तरी मतदानाला कोण जातोय! तरी तुमचा एक पक्ष होता. विरोधी पक्ष. कुठल्याही देशातला, कुठल्याही रंगाचा. जो विरोधात बसलेला असेल तो तुमचा.

"अरे परबा, सरकारला सलाम करायला सगळी दुनिया हाय," तुम्ही म्हणायचात. "त्याला इचारायला एक तरी माणूस नको?"

एकोणऐंशीची विलायतेची निवडणूक आठवते ना? तेव्हा विरोधात जो पक्ष होता तो आपल्या क्लेटनसाहेबाचा. क्लेटन म्हणजे आपला नंबर दोनचा साहेब, कडक इस्त्रीचा, आणि बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघणारा. महिनाभर तुम्ही त्याच्या पक्षाची बाजू घेऊन सगळ्यांशी भांडलात. इंडियन हेडक्लार्क आपल्या बाजूचा आहे म्हणून तोही खूष. तो पक्ष जिंकला तेव्हा क्लेटनने तुम्हाला बिस्किटांचा एक मोठा डबा दिला. डबा घरी पोचायच्या आत तुम्ही पक्ष बदलला होता! दुसऱ्याच दिवशी ऑफिसात येऊन त्याच क्लेटनला तुम्ही नव्या सरकारच्या चुका सांगायला लागलात. अजून त्या सरकारने खुर्चीसुद्धा पुसली नव्हती. क्लेटनचं तोंड जे वाकडं झालं ते पुन्हा सरळ झालं नाही. बिस्किटं मात्र आपण दोघांनी मिळून संपवली.

यातलं कुणी काही मनाला लावून घेत नव्हतं, कारण कुणाचं काही अडत नव्हतं. त्र्याऐंशीत मात्र माझं अडलं.

पार्किनसाहेब हा आपला मोठा साहेब. आपल्यासारख्या लोकांना आवडेल असा विलायती माणूस मी तो एकच पाहिला. स्वतः फिटर म्हणून सुरुवात केलेला, बाप खाणीतला, युनियनवाला. हाताला ग्रीस लागलेलं त्याला खपायचं, खोटं बोललेलं खपायचं नाही. त्याचा पक्ष तेव्हा विरोधात होता आणि विरोधातही धड नव्हता. सरकारने आदल्या वर्षी लढाई जिंकलेली, त्यामुळे लोक सरकारवर खूष. इकडे याच्या पक्षातली काही मोठी माणसं फुटून वेगळी चूल मांडून बसलेली. त्याच्या गावाकडची जागा तर कायमची पडेल. तिथे उभं राहायला कुणी तयार होईना, तेव्हा पक्षाने बहारीनमध्ये बसलेल्या या माणसाला पत्र घातलं. आणि हा बाबा हो म्हणाला. बापाचं नाव होतं त्या भागात, म्हणून.

आपला अरबाब, म्हणजे वर्कशॉपचा बहारीनी मालक, पोट धरून हसला होता. "जा," म्हणाला, "सुट्टी घे. हरलास तर परत ये. जिंकलास तर क्लेटन बघेल."

या शेवटच्या वाक्याने माझी झोप उडाली. कारण क्लेटन काय बघणार ते त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. ऑफिस आणि स्टोअर एका एजन्सीला देऊन टाकायचं, जुन्या इंडियन लोकांचे व्हिसा रिन्यू करायचे नाहीत. यादीत माझं नाव होतं. तुमचंही होतं, पण तुम्ही ते कधी बोलून दाखवलं नाहीत. सुनंदा आणि माझी मुलगी सात वर्षांनी इथे आल्या होत्या, फॅमिली व्हिसावर. मुलीने मला ओळखायला दोन महिने घेतले होते. आता कुठे ती मला "पप्पा" म्हणत होती आणि दाढी टोचते म्हणून तक्रार करत होती. पार्किन निवडून आला तर हे सगळं पुन्हा मोडणार होतं.

तुमच्या टेबलापाशी येऊन मी म्हटलं होतं, "तो जिंकलो तर आमी खलास, याकूबभाई. क्लेटन आमका दुसऱ्याच दिवसाक विमानात बसयतलो. माज्या चेडवाक आत्ताच शाळेत घातलंय."

तुम्ही टायपरायटरवरचा हात काढला नाहीत. "म्हणून त्या भल्या माणसानं हरायचं?"

"हरलो तर त्याचा काय जाता? त्याका नोकरी आसा हय."

"आणि त्याचा पक्ष?"

"पक्ष बुडालोच आसा. एका शिटान काय तरतलो?"

"परबा," तुम्ही म्हणालात, "बुडणाऱ्याला हात देता येत नसेल तर नको देऊ. पण डोकं खाली दाबू नको."

मला राग आला. तुमची मुलगी शाहीन मोठी होती, इंग्रजी शाळेत शिकत होती, तुमची हयात इथे गेली होती. तुम्हाला बोलायला काय जातं, असं मला वाटलं. तुमचंही नाव त्याच यादीत होतं हे त्या रागात मी विसरलो.

मग ती पाकिटं आली. त्यांच्याकडे उमेदवाराचं पत्रक मतदाराच्या घरी टपालाने जातं आणि पाकिटांवर पत्ते पक्षाची माणसं हाताने लिहितात. पण पार्किनच्या गावात पक्षाकडे माणसंच उरली नव्हती. चार म्हाताऱ्या बायका आणि एक निवृत्त शिक्षक, एवढंच त्यांचं सैन्य, असं तोच सांगायचा. म्हणून सुट्टीवरून येताना तो एका गावाची मतदारयादी आणि कोऱ्या पाकिटांचं खोकं घेऊनच आला, आपल्या वाट्याचं काम रोज थोडं थोडं करायला. पहिल्याच दिवशी तुम्ही ते खोकं त्याच्या टेबलावरून उचललंत. "सर, तुमचं अक्षर तुमच्या मतदाराला वाचता येणार नाही," असं तोंडावर सांगून.

पुढचे चार-पाच शुक्रवार आठवतात? सुट्टीचा दिवस, नमाजाहून तुम्ही आलात की भाभींच्या हातचं जेवण, आणि मग जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून आपलं विलायतेचं टपाल. मिसेस अमुक, चॅपल रो. मिस्टर तमुक, मिल लेन. एकेका गल्लीतल्या माणसांची नावं आपल्याला पाठ झाली. एकाच घरात सात मतदार सापडले तेव्हा तुम्ही म्हणालात, "बघ, कोकणातलंच घर हाय." शाहीन "सो मेनी स्मिथ्स!" म्हणून कंटाळून निघून गेली. तुम्ही तीन पाकिटं लिहीपर्यंत माझं एक व्हायचं. तुमचं अक्षर छापल्यासारखं आणि माझं खेकडा वाळूतून गेल्यासारखं. मला उशीर होतो म्हणून माझ्या वाटणीची तीनशे पाकिटं मी घरी घेऊन गेलो.

आता जे सांगतो ते कालपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, सुनंदालाही नाही.

आपल्या मुलखात मयताची बातमी कळवणारं कार्ड कोपरा फाडून टाकतात. पोस्टमन ते दारातच देतो, माणूस उंबऱ्याबाहेर उभा राहून वाचतो, आणि ते कार्ड घरात नेत नाहीत. तुमच्या गावातही हेच, हिंदू असो की मुसलमान. लहानपणी कोपरा फाटलेलं कार्ड दिसलं की आम्ही पोरं पडवीतून पळायचो. तर याकूबभाई, एका शुक्रवारी सकाळी सुनंदा बाजारात गेली असताना मी ती तीनशे पाकिटं पुढ्यात घेतली आणि एकेकाचा खालचा डावा कोपरा फाडला. नखाएवढाच. पाहणाऱ्याला वाटावं की खोक्यात घासून गेलाय. ज्या घरात हे पाकीट जाईल त्या घरातून पार्किनच्या नावाला मरण येईल, मत मिळणार नाही, एवढाच माझा हिशोब होता. शाळेत मी बुद्धिप्रामाण्यावर निबंध लिहून बक्षीस घेतलं आहे. पण भ्यालेला माणूस निबंध वाचायला जात नाही.

दोनशेएक पाकिटं झाल्यावर एक नाव आलं. मिसेस ई. पार्किन, नऊ, चॅपल रो. साहेबाची आई. म्हातारी एकटी राहायची, साहेब तिला दर आठवड्याला पत्र लिहायचा आणि ते तुम्ही पोस्टात टाकायचात. माझा हात थांबला. मग वाटलं, एक सोडलं तर तोडगा फुकट जाईल. आणि मी त्याचाही कोपरा फाडला.

शनिवारी तो गठ्ठा तुमच्या टेबलावर ठेवला. तुम्ही टायपिंग थांबवलंत, गठ्ठ्याच्या कडेवरून अंगठा फिरवलात, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. माझे कान तापले.

"चहा घेशील?" तुम्ही विचारलंत.

एवढंच. मी घेतला चहा. तुम्हाला कळलं की नाही, हे मला तेव्हा कळलं नाही आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

मे महिन्यात निवडणूक जाहीर झाली आणि पार्किनसाहेब खोकं घेऊन गेला. महिनाभर क्लेटन मोठ्या साहेबाच्या खुर्चीत बसला आणि माझ्या स्टोअरमध्ये एजन्सीचे लोक टेप घेऊन मापं काढून गेले. निवडणूक गुरुवारी. निकाल शुक्रवारी सकाळी, आपल्या सुट्टीच्या दिवशी. मी सुनंदाला आणि मुलीला घेऊन तुमच्याकडेच आलो होतो. भाभी सुरमईच्या तुकड्यांना मसाला लावत होत्या, तुम्ही ट्रान्झिस्टर खिडकीत धरून उभे. बातम्या आल्या. सरकार पुन्हा आलं आणि विरोधी पक्षाचा असा धुव्वा उडाला की सांगणाऱ्याचाही आवाज जरा दबकला. आपल्या साहेबाच्या जागेचं नाव काही रेडिओवर आलं नाही. एवढ्या मोठ्या बातमीत त्याला कोण विचारतो? तुम्ही ट्रान्झिस्टर बंद केलात आणि पिशवीचं बटन लावलंत. इतके उदास तुम्ही मला त्यानंतर एकदाच दिसलात, शाहीन कॉलेजसाठी मुंबईला गेली तेव्हा.

शनिवारी टेलेक्स आला. तुम्हीच तो फाडून अरबाबकडे नेलात, पण जाताना माझ्या खिडकीशी थांबून वाचलात. दोन शब्द होते. हरलो. येतोय.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. मी स्टोअरच्या मागे जाऊन पाइपांच्या ढिगावर बसलो आणि मुलीचं नाव घेत राहिलो. मग सूकच्या बाजारातून अर्धा किलो हलवा आणला. तुम्ही माझ्यावर खवळलात. "माणूस तिकडे हरलाय आणि तू इकडे तोंड गोड करतोस? लाज नाय वाटत?" मी म्हटलं, नाय वाटत. तुम्ही रागाने एक तुकडा उचललात आणि खाल्लात. दुसराही उचललात. तुमच्या मानेवरचीही सुरी दूर झाली होती, याकूबभाई, तुम्ही कबूल केलं नाहीत तरी.

हे मी आजही तोंडावर सांगतो. तो हरावा असं मला वाटत होतं याचा मला पस्तावा नाही. भल्या माणसाचं भलं चिंतावं आणि तो हरावा असंही वाटावं, हे दोन्ही एका मनात मावतं. तुम्ही म्हणायचात, मावत नाही. आपलं हे भांडण तिरफळांसारखंच राहिलं. पण मी वाटण्यावर थांबलो नाही, मी कोपरे फाडले. त्याची शिक्षा मला पुढे मिळाली.

साहेब परत आला तो बारीक होऊन. सगळ्यांना बोलावून त्याने पाकिटांबद्दल आभार मानले. म्हणाला, "माझ्या आईने तिचं पाकीट शेगडीवरच्या फळीवर मांडून ठेवलंय. शेजारच्या बायकांना दाखवते. म्हणते, एवढं देखणं अक्षर आपल्या गावात कुणाचं नाही."

तुम्ही मान खाली घालून कागद नीट करत होतात. आणि मला घाम फुटला. कोपरा फाटलेलं पाकीट त्या म्हातारीने घरात नेलं, नुसतं नेलं नाही, मांडून ठेवलं! देखणं अक्षर या दोन शब्दांवर मी तेव्हा थांबायला हवं होतं. माझं अक्षर आणि देखणं? पण ज्याला स्वतःचं मन खातंय त्या माणसाला कानांनी ऐकलेलं कळत नाही.

त्याच हिवाळ्यात म्हातारी गेली. निजली ती उठलीच नाही, वय झालं होतं. साहेब चार दिवस जाऊन आला, पुन्हा कामाला लागला. सगळे म्हणाले, सोन्यासारखं मरण. मी मनात म्हणालो, मी मारलं.

चार वर्षं, याकूबभाई. साहेब सुट्टीवरून येताना माझ्या मुलीसाठी चॉकलेट आणायचा, त्यातला तुकडा ती मला द्यायची, तो मी तिलाच परत द्यायचो. तो निवृत्त होऊन आईच्याच घरात राहायला गेला, तेव्हा निरोपाला त्याने मला मिठी मारली आणि मी लाकडासारखा उभा राहिलो. तोवर क्लेटनही दुबईला निघून गेला होता. माझी नोकरी शाबूत, व्हिसा शाबूत, बायको-मुलगी जवळ. ज्यासाठी केलं ते सगळं मिळालं होतं आणि रोज सकाळी दाढी करताना त्या म्हातारीचं मी कधी न पाहिलेलं तोंड आरशात दिसायचं.

यंदा जूनमध्ये तिकडे पुन्हा निवडणूक झाली. तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात, नाकाला नळी. शुक्रवारी सकाळी मी ट्रान्झिस्टर घेऊन आलो. त्या दिवशी ठरवून आलो होतो. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. तुमच्या उशाशी बसलो आणि म्हणालो, "याकूबभाई, एक सांगायचा आसा. त्या पाकिटांचा..."

तुम्ही हात वर केलात. "आधी रेडिओ लाव."

लावला. विरोधी पक्ष पुन्हा हरला होता. पण थोड्या जागा वाढल्या होत्या. तुम्ही हसलात, नळी हलली. "वाढले! बघितलंस? पुढच्या वेळी, इंशाल्ला." मग तुम्ही दमलात आणि डोळे मिटलेत. नर्सने मला बाहेर काढलं. पुढच्या दोन महिन्यांत तुम्ही कधी एवढे शुद्धीवर आणि एवढे एकटे मला सापडला नाहीत. शेवटी त्रास न होता गेलात, त्याबद्दल मी तुमच्या आणि माझ्या दोघांच्या देवाचे आभार मानले.

आता काल दुपार. भाभी कायमच्या रत्नागिरीला निघाल्या आहेत म्हणून मी आणि सुनंदा सामान बांधायला आलो होतो. किती खोकी, कशात काय, हे लिहायला मी कागद मागितला. भाभींनी ओट्याखालचा खण ओढला आणि एक जुनं पाकीट माझ्या हातात दिलं. "ह्याच्यावर लिहा. आमच्याकडे सगळं ह्याच्यावरच लिहितात."

मी पाकीट उलटं केलं. मिस्टर डब्ल्यू. स्मिथ, मिल लेन. खेकडा वाळूतून गेलेलं अक्षर. खालचा डावा कोपरा फाटलेला.

भाभींना वाटलं, मला चक्कर आली.

"हे... हे इथे कसं?" मी विचारलं.

"ती तर कवाची हायत," त्या म्हणाल्या. "तुमच्या साहेबाच्या विलेक्शनच्या टायमाची. गठ्ठाच्या गठ्ठा घेऊन आले होते एक दिवस. सूकमधून कोरी पाकिटं आणली आणि सगळी पुन्हा लिहिली. सकाळी फजरची नमाज झाली की बसायचे, ऑफिसला जाईपर्यंत. मी बोलले, ही खराब झालीत काय? तर बोलले, परबानं भिऊन खराब केलीत. त्याला काय बोलू नको, बिचाऱ्याची पोरगी आत्ताच आलीय. मी बोलले, मग जाऊ दे ना तशीच, साहेब हरला तर तुमचीच नोकरी राहील. तर माझ्यावरच वरडले."

"काय म्हणाले?"

भाभी ओढणी सावरत म्हणाल्या, "बोलले, हरायचं तर माणसानं स्वतःच्या मतांनी हरावं. आपल्या घरातून त्याला अपशकून नको."

तेव्हा मी हसलो, याकूबभाई. तेच ते हसणं. तीनशे पाकिटांतलं एकही बहारीन सोडून गेलं नव्हतं. त्यावर चार वर्षं तुमच्या घरच्या किराणाच्या याद्या झाल्या, शाहीनची गणितं झाली, दुधाचे हिशोब झाले. आणि चॅपल रोच्या फळीवर म्हातारीने मांडलं होतं ते तुमच्या हातचं, चारही कोपरे धड असलेलं पाकीट. ती बाई आपल्या वयाने गेली. मी कुणाला मारलं नाही. हे वाक्य मी काल घरी जाताना टॅक्सीत तीनदा मोठ्याने म्हटलं. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं, सुनंदाने हात धरला, आणि मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं.

आता भांडण. तुम्हाला माहीत होतं, तर मला का नाही सांगितलंत? एका शब्दाने माझी चार वर्षं वाचली असती! काल रात्रभर मी तुमच्यावर चिडलो होतो. सकाळी चहा घेताना उलगडा झाला. तुम्हाला फक्त कोपरे माहीत होते. म्हातारीचं पाप मी डोक्यावर घेऊन फिरतोय हे तुम्हाला मी कुठे सांगितलं होतं? मला पकडल्याची लाज वाटू नये म्हणून तुम्ही गप्प, आणि मला कबूल करायची लाज वाटते म्हणून मी गप्प. समोरासमोर बसून डबा खाणारी दोन माणसं, आणि जगातल्या सगळ्या सरकारांवर बोलणारी! तुम्ही एकदा मला शिवी घालायला हवी होतीत, एवढीच माझी तक्रार आहे. बाकी सगळे आभारच आहेत. मी त्या माणसाचं डोकं खाली दाबलं होतं आणि तुम्ही माझा हात तिथून हळूच काढून घेतलात, मला न कळू देता. तुमचं स्वतःचं नाव क्लेटनच्या यादीत असताना.

भाभींच्या खणात वीसेक पाकिटं उरली होती. मी ती मागून घेतली. एकेक पाहत गेलो. मला हवं होतं ते शेवटून चौथं निघालं. मिसेस ई. पार्किन, नऊ, चॅपल रो. मागच्या बाजूला तुमच्या देखण्या अक्षरात यादी होती. मीठ, चहापत्ती, सुकी मिरची, तिरफळं, रेडिओचे सेल.

तिरफळं, याकूबभाई! तेरा वर्षं भांडलात आणि घरी आणत होतात.

पार्किनसाहेबाला तुमची बातमी अजून कुणी कळवलेली नाही. ते काम माझं. तो आता आईच्या घरातच राहतो, पत्ता तोच आहे. मी पत्र लिहिलं, त्यात सगळं लिहिलं, कोपऱ्यांसकट. वाचून तो बहुधा हसेल. मग नवं पाकीट शोधलं नाही. याच पाकिटावर मिसेस ई.च्या जागी मिस्टर जे. केलं, मागची तुमची यादी तशीच ठेवली, आणि तिकीट लावलं. आपल्या रीतीप्रमाणे कोपरा फाडायला हात गेला, तर तो आधीच फाडलेला होता.